फळ्यांचा रस्ता, कठड्याला गाडी लागली की कठडाच गायब. मारिओ कार्टमधला हा भुताचा ट्रॅक कुठला?

तिरपी_फळी:
मंडळी घरचा एक वाद मिटवा. गणपतीत सगळे जमलो होतो, पुतणीने निन्टेंडो स्विच (गेम खेळायचं मशीन) आणलेला, मारिओ कार्ट 8 डीलक्स ह्या गाड्यांच्या रेसच्या गेमवर तिने ट्विस्टेड मॅन्शन लावलं. भूतबंगला, भिंतीवरून गाडी जाते, मध्येच पाण्याखालची खोली, त्यात माशांचे सांगाडे पोहतायत. आणि मला विचारते काका घाबरलात का. मी म्हटलं ह्याला काय घाबरायचं, आमच्या वेळचा ट्रॅक बघ म्हणावं.

तर मला आठवतं ते असं: आकाश काळंकुट्ट, रस्ता सगळा लाकडी फळ्यांचा, कडेला ठोकळ्यांचा कठडा, आणि गाडी त्याला लागली की तेवढा ठोकळा नाहीसा, मग पुढच्या राउंडला तिथूनच सरळ खाली. हे मी मित्राकडे पीसीवर एम्युलेटर (जुन्या मशीनचे गेम चालवणारा प्रोग्राम) टाकून कीबोर्डवर खेळलोय. आमचा दादा म्हणतो खाली पाणी होतं, कठडा बिठडा काही पडत नव्हता, आणि पाण्यातून हा एवढा मोठा मासा उडी मारायचा. तो आत्याकडे खेळलेला, तिच्याकडे निन्टेंडो 64 होता. दोघंही ठाम आहोत, जेवणाच्या पंगतीत पण हेच चालू होतं. बरोबर कोण? आणि ते आता कुठे खेळायला मिळेल?

कोपऱ्यातला_कोपा:
दोघंही बरोबर आहात, गेम दोन वेगळे आहेत.

तुझा तो घोस्ट व्हॅली. सुपर मारिओ कार्ट, सुपर निन्टेंडो (64 च्या आधीचं मशीन), 1992. त्यात घोस्ट व्हॅली एक नाही तीन आहेत, 1 मशरूम कपमध्ये (कप म्हणजे लागोपाठच्या रेसचा गट), 2 फ्लॉवर कपमध्ये आणि 3 थेट शेवटच्या स्पेशल कपमध्ये. खात्री करायची असेल तर एवढं आठव: एकटा खेळत असतानाही स्क्रीन अर्धीच मिळायची ना? वरच्या अर्ध्यात गाडी, खाली अख्ख्या ट्रॅकचा नकाशा. आणि राउंड पाच. असं असेल तर डोळे झाकून तोच.

दादांचा बॅन्शी बोर्डवॉक, मारिओ कार्ट 64, जपानमध्ये डिसेंबर 1996 ला आला. स्पेशल कपचा तिसरा ट्रॅक, रेनबो रोडच्या आधीचा. पाण्यावरचा लाकडी धक्का, राउंड तीन, तो आडदांड मासा रस्त्यावरून झेप घेतो, पुढे एका पडक्या घरात शिरलं की वटवाघळं अंगावर येतात. कठडा गळत नाही हे दादा बरोबर सांगतायत, पण काही ठिकाणी तो मुळातच नाहीये, ते मात्र ते सांगायचं विसरले :)

निळं_शेल_नको:
खेळायचं म्हणशील तर पुतणीच्याच स्विचवर होईल. ऑनलाइन मेंबरशिप असेल तर सुपर निन्टेंडोच्या ॲपमध्ये सुपर मारिओ कार्ट सप्टेंबर 2019 पासून आहे, साध्या प्लॅनमध्येच. 64 वाला हवा तर वरचा एक्स्पान्शन पॅक घ्यावा लागतो. त्याच पॅकमध्ये गेम बॉय ॲडव्हान्सचा सुपर सर्किट पण मिळतो, त्यात बू लेक (बू म्हणजे मारिओमधलं भूत) नावाचा स्वतःचा भुताचा ट्रॅक आहे आणि वर सुपर निन्टेंडोचे सगळे 20 जुने ट्रॅक लपवून ठेवलेत, कपमध्ये नाणी जमवून उघडायचे. बू लेक डिसेंबर 2022 ला डीलक्सच्या बूस्टर पासमध्येही (विकत घ्यायचे जादा ट्रॅक) आला, पण तिथे गाडी पाण्याखालून जाते त्यामुळे चवच बदलली.

आणि जुनं ते सोनं वगैरे ठीक आहे, पण ट्विस्टेड मॅन्शनला उगाच नावं ठेवू नका राव. 200 सीसीवर (सगळ्यात वेगवान लेव्हल) लावा आणि ब्रेक न मारता आतली वळणं घेऊन दाखवा. सीरिजमधला सगळ्यात देखणा भूतबंगला आहे तो. डीएस ह्या हातातल्या मशीनवरचं 2005 चं लुइजीज मॅन्शनही मस्त होतं, बंगल्यातून मागच्या चिखलात उतरलो की झाडं चालत समोर यायची. अर्थात पहिल्याच कपमध्ये होतं ते, त्यामुळे अवघड कोणी म्हणणार नाही.

कोपऱ्यातला_कोपा:
@निळं_शेल_नको देखणा आहे, मान्य. पण भीती कुठाय त्यात? दोन्ही बाजूंना भिंत. भिंतीला आपटलास तर वेग जातो, एवढंच. घोस्ट व्हॅलीत भुतं नुसती नावाला आहेत, बघ ना, तिरपी_फळीने त्या ट्रॅकचं एवढं वर्णन केलं त्यात भूत एकदाही नाही, कठडा मात्र आहे. ह्या ट्रॅकांची सगळी मजा खाली पडण्यात आहे, पांढऱ्या बूमध्ये नाही.

आणि गंमत अशी की तो कठडा उभाच नाहीये. सुपर निन्टेंडोला खरा थ्रीडी रस्ता काढता येत नव्हता, एक सपाट चित्र आडवं टाकून ते मोड 7 ने फिरवायचे, त्याचं गणित करायला कॅसेटमध्ये डीएसपी-1 नावाची वेगळी चिप होती. म्हणजे फळ्या, ठोकळे, भोक सगळं एकाच चटईवर रंगवलेलं, चढ नाही उतार नाही, कठड्याला उंचीच नाही. तरी पाचव्या राउंडला त्या गेलेल्या ठोकळ्यांच्या शेजारून जाताना हात घट्ट व्हायचे. तीन राउंड असते तर एवढं झालं नसतं, पहिल्या दोन राउंडमध्ये तू स्वतःच कडा फोडून ठेवतोस आणि मग त्याच कडेवरून तुलाच जायचंय.

निळं_शेल_नको:
हे पटलं. तरी वटवाघळांचं घर मी सोडणार नाही, ते पहिल्यांदा आलं तेव्हा मी रिमोट टाकलेला (कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो).

तुमच्या हिशोबाने मग नवीन बू सिनेमाचं काय? स्विच 2 वरचा मारिओ कार्ट वर्ल्ड, 2025, लीफ कपमध्ये आहे. जुन्या थिएटरमध्ये शिरायचं, सरळ पडद्यात उडी, आणि पुढे फिल्मच्या पट्टीवरून गाडी. भिंत नाही तिथे.

कोपऱ्यातला_कोपा:
तो आवडतो मला. कल्पना भन्नाट आहे. पण पट्टी चांगली रुंद आहे रे, पडायला मुद्दाम पडावं लागतं.

तिरपी_फळी:
अर्धी स्क्रीन!! बरोबर, एकदम बरोबर, खाली नकाशा असायचा आणि आम्हाला वाटायचं एम्युलेटरच बिघडलाय. दादाला बोर्डवॉकचा व्हिडिओ पाठवला, त्याने फक्त माशाचा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "पुरावा". आता तो गप्प बसणार नाही.

काल रात्री पुतणीच्या स्विचवर घोस्ट व्हॅली 1 लावला. बाउझर हा ड्रायव्हर घेतला आणि निम्मा वेळ तो ढगातला कासव मला गळाने वरच काढत होता. पुतणी हसून हसून लोळली, मग तिने हातात घेतला आणि तीही पडली, डीलक्समध्ये तिचं स्मार्ट स्टिअरिंग (गाडी आपोआप रस्त्यावर ठेवणारं) चालू असतं म्हणून तिला पडायची सवयच नाही. काही टिप्स द्या, दिवाळीत दादासमोर लाज नको.

लकिटूची_काठी:
पहिली चूक बाउझर. बाउझर आणि डीके ज्युनियरचा टॉप स्पीड सगळ्यात जास्त, पण पडल्यावर परत वेग घ्यायला युगं लागतात आणि वळणावर बाहेर फेकले जातात. तुम्ही कोपा ट्रूपा नाहीतर टोड घ्या, वेग थोडा कमी पण गाडी हातात राहते. जमायला लागलं की मग जा बाउझरकडे, कमीत कमी टाइमचे रेकॉर्ड करणारे लोक शेवटी जड गाडीच वापरतात.

नाणी उचला. दहापर्यंत प्रत्येक नाण्याला वेग थोडा वाढतो. खिसा रिकामा असताना कोणी धडकलं की गाडी गरगर फिरते, आणि कठडा गेलेला असेल तर गरगरत कुठे जाल ते सांगायला नको. आणि वळणाच्या आधी ॲक्सिलरेटर सोडा, एल किंवा आर बटण दाबून छोटी उडी, मग वळवा. डीलक्सच्या सवयीने लांबलचक ड्रिफ्ट मारत बसाल तर सरळ दरीत. समोरच्या गाड्यांचंही बघा, त्यांना आपल्यासारखे कुठलेही आयटम मिळत नाहीत, ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. डीके ज्युनियर केळ्याची सालं टाकणार, प्रिन्सेस आणि टोड ते विषारी मशरूम. अरुंद फळीवर ह्यांच्या मागे चिकटून जाऊ नका.

आणि मेन गोष्ट, फेदर म्हणजे ते पीस मिळालं तर उगाच उडवू नका. घोस्ट व्हॅली 1 मध्ये मध्ये खिंड आहे, पलीकडे रस्ता दिसतो, तिथे पीस वापरून उंच उडी मारली की ट्रॅकचा चांगला मोठा तुकडा वाचतो. जमलं तर दादा मासा विसरतील.

तिरपी_फळी:
पीस! ते तर आम्ही मिळालं की लगेच दाबायचो, उडी मारायला मजा वाटायची म्हणून. टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने घड्याळाशी रेस) सराव करता येईल का त्या उडीचा?

लकिटूची_काठी:
नाही, त्यात पीस मिळत नाही. ग्रांप्रीच (कपची स्पर्धा) लावा, 50 सीसीवर, मशरूम कप, तिसरी रेस. आधी मारिओ सर्किट आणि डोनट प्लेन्स उरकावं लागेल.