उजेडाअभावी लांबलेला निवडुंग पूर्ववत होईल का?

प्रश्न: पुण्यातील आमच्या सदनिकेत उत्तरेकडच्या खिडकीपासून दूर ठेवलेला गोल निवडुंग दोन वर्षांत वरच्या बाजूने बोटाएवढा बारीक, फिकट आणि तिरपा झाला आहे. ही वाढच आहे असे समजून मी पाणीही वाढवत गेले. तो पुन्हा गोल होईल का?

उत्तर १: ताई, बारीक झालेला भाग पुन्हा जाड होत नाही, मात्र पुरेसा उजेड मिळाल्यास त्यापुढची वाढ नीट होते. कुंडी एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नका, कारण सावलीला सरावलेली साल करपते आणि ते पांढुरके डाग कायमचे राहतात. सकाळच्या कोवळ्या उन्हापासून सुरुवात करून २ ते ३ आठवड्यांत ऊन वाढवत न्यावे. माती तळापर्यंत सुकल्याशिवाय पाणी देऊ नये.

उत्तर २: वरील सल्ला योग्य आहे, पण मी शेंडा कापणेच पसंत करेन. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कापून, जखम पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे साधारण १ ते २ आठवडे, तो सावलीत ठेवावा आणि मग भरड वाळू मिसळलेल्या मातीत लावावा. खालच्या बुंध्याला पुष्कळदा नवी पिल्ले फुटतात. पावसाळ्यात मात्र हे करू नये. दमट हवेत जखम सुकत नाही आणि कुजते. माझा एक निवडुंग ऐन जुलैत असाच गेला.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. तूर्त कुंडी पूर्वेच्या खिडकीत हलवली आहे; शेंडा फेब्रुवारीत कापेन.