‘मनोराज्य बघत होता’ बरोबर आहे का?

गिरगावकर:
दहावीच्या कल्पनाप्रधान निबंधांचं मुद्रितशोधन चालू आहे. एक वाक्य अडलंय: ‘तो लोकलच्या खिडकीत बसून मनोराज्य बघत होता.’ इथे ‘दिवास्वप्न’ करावं का? शिवाय एका ठिकाणी ‘मनराज्य’ आहे, ते चालेल?

खडूफळा:
‘मनराज्य’ नाहीच. मूळ शब्द मनस्. मनः + राज्य यात पुढे र आल्यामुळे विसर्गाचा ओ होतो, जसं मनोरथ, मनोरंजन. पुढे स किंवा प आला तर विसर्ग टिकतो: मनःस्थिती, मनःपूर्वक.

तुमच्या वाक्यात खटकतंय ते क्रियापद. स्वप्न बघतात, मनोराज्य करतात, रचतात किंवा त्यात रमतात. ‘मनोराज्यात रमला होता’ करा, शब्द बदलू नका. लिंग नपुंसक: ते मनोराज्य, ती मनोराज्ये. आणि ओळीच्या शेवटी शब्द ‘मनोरा-ज्य’ असा तुटू देऊ नका. मनोरा म्हणजे मिनार. वाचणाऱ्याला नरिमन पॉइंटचं ‘मनोरा’ आमदार निवास आठवायचं!

शब्दवेल्हाळ:
दोन्हींत फरक आहे. दिवास्वप्न दुसऱ्याला दाखवता येतं (बिल्डर दाखवतातच), मनोराज्य मात्र ज्याचं त्यानेच करायचं. म्हणून खिडकीतल्या मुलाला मनोराज्यच शोभतं. मनोरथ आणखी वेगळा: ती इच्छा असते, पुरी होते किंवा धुळीला मिळते.

‘दिवास्वप्न’ जोडूनच लिहा. यातला ‘दिवा’ म्हणजे ‘दिवसा’, संस्कृत अव्यय. तोडलं की समईतला दिवा होतो. आयुर्वेदावरच्या मजकुरात तर जपूनच, कारण चरकसंहितेत दिवास्वप्न म्हणजे चक्क दिवसाची झोप. ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत ती कफ-पित्त वाढवते, असं तिथे सांगितलंय.

खापरपोळी:
निबंध बोलीच्या अंगाने जाणारा असेल तर ‘मनातल्या मनात मांडे खात होता’ घ्या. मांडा हातावर ताणत ताणत मोठा करायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा. जरा हात चुकला की फाटतो. इतक्या खटाटोपाचा पदार्थ मनात मात्र फुकट! ‘हवेत इमले बांधणे’ही चालेल, पण त्यात टोमणा आहे. ‘खयाली पुलाव शिजवणे’ दिसलं तर सरळ काट मारा, ते हिंदीतून उचललेलं असतं.

गिरगावकर:
‘मनोराज्यात रमला होता’ केलं. पुढच्याच पानावर ‘दिवा स्वप्न’ सापडलं, तेही जोडलं.