11 शाखांचे राउटर एका ठिकाणाहून: बघू द्या, पण हात लावू द्यायचा का?

टिळकवाडीकर
आमच्या पतसंस्थेच्या 11 शाखा. चार बेळगाव शहरात, बाकीच्या खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूला. प्रत्येक शाखेत एक राउटर, एक स्विच, एक फायबर लाईन, आणि ती तुटली तर सिमकार्ड. मंडळापुढे प्रस्ताव आलाय की बाहेरच्या कंपनीने हे सगळं एका पडद्यावर बघायचं आणि तिथूनच सेटिंग बदलायची, फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवायचं. चेअरमननी माझं मत मागितलंय. माझं मत सरळ आहे. बघायला हो, हात लावायला नाही.

बघण्याचं काम सध्या मीच करतो. हेड ऑफिसच्या माळ्यावर एका जुन्या कॉम्प्युटरवर झॅबिक्स हे नजर ठेवणारं सॉफ्टवेअर घातलाय. तो एसएनएमपी या प्रोटोकॉलने, म्हणजे डब्यांना हालहवाल विचारायच्या ठरलेल्या भाषेत, दर 5 मिनिटांनी प्रत्येक डब्याला, म्हणजे राउटर-स्विचला, विचारतो, लाईन किती चालली, चुका किती, तापमान किती. हा प्रोटोकॉल 1988 पासूनचा आहे, आणि डबा कुठल्याही कंपनीचा असला तरी बहुतेक वेळा उत्तर देतो.

यात मी स्वतः आपटलोय, तेही सांगतो. गेल्या जुलैत जांबोटी रस्त्यावरच्या शाखेची फायबर तुटली. राउटरने गुपचूप सिम पकडलं. माझ्या पडद्यावर शाखा हिरवीच, कारण तेव्हा मी एवढंच विचारत होतो की राउटर जिवंत आहे का. कुठल्या लाईनीवर जिवंत आहे, हे विचारलंच नव्हतं. नऊ दिवसांनी डेटा पॅक संपला, तोही संध्याकाळी पिग्मी एजंट मशीन घेऊन रांगेत उभे असताना. मॅनेजरनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तरी चूक बघण्यातली होती म्हणून एका शाखेवर निभावलं. तीच चूक सेटिंग बदलताना झाली असती तर 11 शाखा एकदम बसल्या असत्या. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक सहा तासांच्या आसपास बंद होतं. देखभालीच्या कामात दिलेली एक कमांड, आणि त्यांचं अख्खं जाळं जगापासून तुटलं.

उद्यमबागवाला
टिळकवाडीकर, उदाहरण फेसबुकचं आणि शाखा 11! आमच्या फाउंड्रीच्या तीन युनिटमध्ये मीच हे सांभाळतो. हात न लावण्याचा खर्च काय असतो ते ऐका. 2018 च्या एप्रिलमध्ये मायक्रोटिक या राउटर कंपनीने विनबॉक्सचं, म्हणजे राउटर चालवायच्या त्यांच्या प्रोग्रामचं, भोक बुजवणारं अपडेट दिलं. तरी ऑगस्टपर्यंत जगभरात लाखो राउटर त्याच भोकातून हाती लागून दुसऱ्याच्या क्रिप्टो नाण्यांसाठी राबत होते. औषध आलं होतं, गोळी द्यायला कोणी गेलं नव्हतं. तुम्ही 11 ठिकाणी लॅपटॉप घेऊन जाणार? पावसाळ्यात?

आमच्याकडे एकाच जागेवरून रात्री अपडेट चढतं. आधी एका युनिटवर, दोन दिवस थांबून बाकीच्यांवर. प्रत्येक डब्याची सेटिंग रोज रात्री आपोआप उतरवून ठेवली जाते, काय बदललं ते ओळीनिशी दिसतं. डबा जळाला तर नवीन लावून अर्ध्या तासात उभा.

शहापूरची
कशाला पायजे ओ एवढं सगळं? आमच्या दुकानात गल्लीतला पोरगा येतो, बंद करून चालू करतो, चालतंय की.

निपाणी_नेटवर्क
शहापूरची, एका दुकानाला ते चालतं.

टिळकवाडीकर, मी तुमच्या बाजूचा, पण अनुभवाने. आधीच्या नोकरीत साहेबांनी मधल्या सर्व्हरवरून फायरवॉलचा, म्हणजे कोणाला आत सोडायचं आणि कोणाला अडवायचं याचा, एक नियम सगळ्या शाखांना ढकलला. नियमात आमचाच पत्ता अडवला गेला. शाखा बंद त्या बंद, वर दुरुस्त करायचा रस्ताही बंद. दोन दिवस बाईकवर कन्सोल केबल (डब्याला थेट लॅपटॉप जोडायची तार) घेऊन फिरलो. चिकोडीला पोचलो तर शाखेला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे तो लग्नाला गेलेला.

उद्यमबागवाला
दोष साहेबांचा, पद्धतीचा नाही. मायक्रोटिकमध्ये सेफ मोड आहे, जोडणी तुटली की बदल आपोआप मागे. ज्युनिपरमध्ये कमिट कन्फर्म्ड, 10 मिनिटांत तुम्ही ‘हो’ म्हटलं नाही तर जुनी सेटिंग परत. सिस्कोवाले बदलाआधी ‘रीलोड इन 10’ टाकून ठेवतात, रद्द केलं नाही तर 10 मिनिटांनी डबा जुन्या सेटिंगवर पुन्हा चालू होतो. ही सवय नसलेल्या माणसाच्या हाती एक राउटर दिला तरी तो बुडवणारच.

वडगावचा_ऑडिटर
‘बघणं सुरक्षित, हात लावणं धोक्याचं’ ही टिळकवाडीकरांची विभागणीच मला पटत नाही. सोलरविंड्सचं ओरायन हे नजर ठेवणारंच सॉफ्टवेअर होतं ना? 2020 मध्ये त्याच्याच अपडेटमधून मागचं दार घुसलं, सुमारे 18,000 ग्राहकांकडे ते अपडेट पोचलं, आणि उघडकीला आलं डिसेंबरात. सगळ्या डब्यांचे पत्ते आणि पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्याकडे घराच्या किल्ल्या आल्याच. टिळकवाडीकर, तुमच्या झॅबिक्समध्ये एसएनएमपीचा पासवर्ड काय आहे? ‘पब्लिक’ तर नाही ना?

लॉग, म्हणजे डब्यांच्या घडामोडींच्या नोंदी, मात्र एका जागी आणायलाच हव्यात. सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, 28 एप्रिल 2022 चा आदेश आहे, लॉग 180 दिवस जपायचे, आणि गडबड लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं. राउटरच्या पोटातले लॉग डबा बंद-चालू केला की बहुधा पुसले जातात. म्हणजे शहापूरच्या ताईंच्या गल्लीतला पोरगा रोज पुरावाच धुतोय.

टिळकवाडीकर
ऑडिटर साहेब, ‘पब्लिक’च होता. आज सकाळी बदलला. जुन्या आवृत्तीत पासवर्ड उघडाच तारेवरून जातो, म्हणून जे डबे तिसरी आवृत्ती घेतात ते तिच्यावर नेतोय, फक्त वाचण्याच्या परवानगीने. ओरायनचा मुद्दा मान्य. पण वाचायचीच किल्ली चोरीला गेली तर चोर तिने सेटिंग बदलू शकत नाही, हा फरक मी सोडणार नाही.

आणखी एक. कंपनीचा हेल्पडेस्क बेंगळुरूत. पलीकडून इंग्रजीत विचारणार की कुठला पोर्ट डाऊन आहे. आमचा शिपाई सांगणार, “तिसरा पिवळा दिवा लुकलुकतोय, दुसरा विझलाय.” मराठीत विचारणारं माणूस तिथे हवं.

कॅम्पातला
भाषेचा वाद इथे पण? आमचा शिपाई कन्नड तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. दिव्याचा रंग त्याला कुठल्याही भाषेत सांगता येतो. आमच्या शाखेत एकदा राउटरच बंद सापडला. कोणीतरी प्लग काढून गणपतीच्या माळा लावलेल्या. ते बेंगळुरूच्या पडद्यावर फक्त ‘डाऊन’ दिसलं. हेल्पडेस्कने तासभर लाईनवाल्यांना फोन केले. शिपायाने खाली वाकून बघितलं आणि काम झालं.

निपाणी_नेटवर्क
त्या सॉकेटवर चिकटपट्टी मारा. मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवतो, “हा काढायचा नाही. काढलाच तर मला फोन करा.” कुठल्याही डॅशबोर्डइतकी उपयोगी.

उद्यमबागवाला
टिळकवाडीकर, मंडळाला माझ्याकडून एवढं सांगा. कंपनीला हात लावू द्या, पण करारात लिहून घ्या की आधी एकच शाखा, बदल मागे फिरायची सोय, आणि मुख्य पासवर्ड संस्थेच्या तिजोरीत. करार मोडून निघायचं ठरलं तर डबे त्यांच्या क्लाउडशिवाय चालतील का, हेही आधी विचारा. काही डबे लायसन्स संपलं की पुढे डेटाच सोडत नाहीत.

आणि एक प्रश्न तुम्हाला. माळ्यावरच्या त्या कॉम्प्युटरवर नजर कोण ठेवतं?

टिळकवाडीकर
लायसन्सचं लिहून घेतो. तिजोरीचंही. आधी एकच शाखा असेल तर फर्मवेअरपुरता हात लावायला मी तयार आहे, फायरवॉलला मात्र नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लाज वाटते. मंगळवारी दुपारी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी, सगळ्यात आधी तोच बंद पडला. संध्याकाळपर्यंत एकही संदेश नाही, म्हणून मी खुशीत चहा पीत होतो. आता खानापूरच्या शाखेतला राउटर त्याला दर 5 मिनिटांनी पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का’ विचारतो, आणि उत्तर नाही आलं तर मला मेल टाकतो.