तुळशीत भांग? गांजाच्या जुन्या वाणांचा इतिहास जपायचा की पुसून टाकायचा

लालबागचा_नातू
आधीच सांगतो, मी ओढत नाही आणि कोणी ओढावं असंही म्हणत नाही. पण गेल्या महिन्यात भाचा अॅमस्टरडॅमहून आला आणि त्याने तिथल्या एका कॉफीशॉपच्या, म्हणजे गांजा विकणाऱ्या दुकानाच्या, मेन्यूकार्डाचा फोटो दाखवला. वर हेझ, स्कंक, नॉर्दर्न लाइट्स, व्हाइट विडो ही गांजाच्या वाणांची नावं आणि खाली चरसच्या रकान्यात चक्क मलाना. म्हणाला मामा हे सगळे क्लासिक आहेत, डच लोकांनी बनवलेले. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

अरे मलाना हे कुल्लू जिल्ह्यातलं, पार्वती खोऱ्यातलं गाव आहे, जमलू देवाचं. हेझ कॅलिफोर्नियात सांताक्रूझला सत्तरच्या दशकात तयार झालं, त्यात कोलंबिया, मेक्सिको, थायलंड आणि दक्षिण भारताचं बी आहे असं सांगतात. व्हाइट विडो नव्वदच्या दशकातली हॉलंडची, तिचा एक पाय ब्राझीलमध्ये आणि दुसरा केरळात. स्कंक नंबर वनमध्ये मात्र आपलं काही नाही, ते अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन, उगाच ओढूनताणून आपलं म्हणायचं नाही. पण गांजाच्या झाडाचं 'इंडिका' हे शास्त्रीय नावच बघा ना, १७८५ मध्ये लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं, भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून.

आणि नुसतं बीच नाही तर हुन्नर पण आपल्याकडचं. आज जग ज्याला 'सिन्सेमिया' म्हणतं, म्हणजे स्पॅनिशमध्ये बिनबियांचं, ते काम एकोणिसाव्या शतकात बंगालच्या नवगावला, आता बांगलादेशात आहे ते, सरकारी देखरेखीखाली चालायचं. त्या भागाला गांजा महालच म्हणायचे. तिथे पोद्दार नावाचा माणूस शेतात फिरून नर झाडं ओळखायचा आणि उपटून टाकायचा, कारण नराचे पराग मादीला लागले की बी धरतं आणि राळ कमी होते. तीन-चार फुटांच्या झाडाच्या बेचक्यात बघून नर की मादी हे फुलायच्या आधी सांगायचं म्हणजे चेष्टा नाही. त्या पोद्दाराचं नाव आज कोणाला माहीत नाही आणि हॉलंडच्या बियाणेवाल्यांवर पुस्तकं आहेत.

आमच्या घरी पणजोबांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मातीची चिलीम आणि छापीचा, म्हणजे चिलमीला गुंडाळायच्या फडक्याचा, वाळून कडक झालेला तुकडा. ते साताऱ्याकडून गिरणीत आले, भजनाला बसायचे. आजोबा सांगायचे की तेव्हा ठेक्यावर तोळ्याने गांजा मिळायचा आणि कुठल्या गावचा माल आहे ते वासावरून ओळखणारे लोक होते. ती ओळख गेली, वाणं पण चालली. माझं म्हणणं एवढंच आहे की देशी वाणांची नोंद करा, बी सरकारी बियाणे बँकेत ठेवा, आणि हा आपला इतिहास आहे हे मान्य करा.

कल्याणची_ताई
दादा तुमचा हेतू चांगला असेल पण मला हे वाचून त्रास झाला. आपल्या भाषेत तुळशीत भांग असं म्हणतात ते उगाच नाही. माझा सख्खा लहान भाऊ, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला पण ही सगळी नावं पाठ होती, कुठलं कशाचं क्रॉस, कोणी कधी काढलं, अगदी क्रिकेटचे रेकॉर्ड सांगावेत तसं सांगायचा. आम्हाला वाटायचं वाचतोय काहीतरी. मग एक दिवस जेवताना ताट सरकवून म्हणाला की बातम्या देणारी बाई माझ्याबद्दल बोलतेय, टीव्ही बंद करा. आईने बंद केला तर म्हणाला आता भिंतीतून बोलतेय. दोन वर्षं गेली त्यातून बाहेर यायला, अजून गोळ्या चालू आहेत.

आणि तुमच्या पणजोबांचा गांजा आणि हा गांजा एक नाही. अमेरिकेत पकडलेल्या मालात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १९९५ मध्ये साधारण ४ टक्के होतं, २०१४ मध्ये १२ टक्के. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री ह्या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातला मोठा अभ्यास आला, त्यात १० टक्क्यांच्या वरचा माल रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराची, शक्यता न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली. आता मुंबई एअरपोर्टवर बँकॉकहून येणारा हायड्रो, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला गांजा, सारखा पकडला जातो, बातम्या बघता ना? तो विकला कशावर जातो, तर ह्याच नावांवर. 'क्लासिक', 'वारसा', हे शब्द त्या पोरांच्या कानाला किती गोड लागतात ते मी बघितलंय.

शंकेखोर_पार्लेकर
मी तिसऱ्याच बाजूने विरोध करतो. हा जो इतिहास म्हणून सांगताय त्यातला अर्धा बियाणेवाल्यांच्या जाहिरातीतला आहे. बेकायदा धंद्यात वह्या कोण ठेवतो? व्हाइट विडो कोणी काढली ह्यावरच दोन जण भांडतायत आणि दोघांच्या गोष्टी वेगळ्या. नॉर्दर्न लाइट्सची अकरा रोपं सिअॅटलजवळ होती वगैरे, ऐकायला छान, पुरावा काय? २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ८१ नमुन्यांचे जीन्स तपासले तेव्हा दिसलं की इंडिका इतके टक्के, सटायवा (गांजाचा दुसरा प्रकार) इतके टक्के हे लेबल आणि प्रत्यक्ष जीन्स फारसे जुळत नाहीत. शंभर टक्के सटायवा म्हणून विकलेलं जमैकाचं एक वाण शंभर टक्के इंडिका म्हणवणाऱ्या अफगाण वाणाच्या जवळपास सारखं निघालं! मग 'त्यात केरळ आहे' हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? नावावरून वंश ठरवायचा नसतो.

रानातला_माणूस
पार्लेकर तुमचा मुद्दा हॉलंडच्या नावांना लागू पडतो, गावच्या वाणाला नाही. आमच्याकडे वाणाला नाव नसतंच, 'वरच्या आळीतलं', 'डोंगराकडचं' एवढंच. एकाच खोऱ्यात शेकडो वर्षं बी धरून धरून ते तिथल्या पावसाला बसलेलं असतं. केरळचं झाड उंच, बारीक पानाचं, फुलायला तीन-तीन महिने घेणारं, अफगाण झाड बुटकं, रुंद पानाचं, दोन महिन्यांत तयार. म्हणून तर परदेशात बंद खोलीत दिव्याखाली लावायला अफगाण रक्त मिसळलं, नाहीतर झाड छताला लागतं. आता तेच संकर बी उलट फिरून मूळ मुलखात यायला लागलंय, मोरोक्कोच्या रिफ डोंगरात जुनं देशी वाण त्याच्यामुळेच मागे पडलं. एकदा पराग मिसळला की जुनं वाण परत आणता येत नाही, वारा काय आपल्याला विचारून वाहत नाही.

माणदेशी_मुंबईकर
माझ्या चुलत्याने बांधाला चार झाडं ठेवली होती, बैलाच्या पोटफुगीला पाला लागायचा म्हणून, आजाच्या काळापासूनची. पोलीस आले, केस झाली, विकला नाही ओढला नाही तरी सात वर्षं तालुक्याच्या खेपा घालून म्हातारा खचला. त्याच्यानंतर आमच्या गावात एक झाड राहिलं नाही, बी सुद्धा नाही. वाण असंच संपतं. मेन्यूकार्ड बघायला आम्ही काय जाणार अॅमस्टरडॅमला.

ठाण्याचा_वकील
कायद्याचं थोडं स्पष्ट करतो कारण लोक गल्लत करतात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत, म्हणून भांग त्यातून सुटते, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच, भांगेला पण परवाना लागतो. महाशिवरात्रीला थंडाई पिणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. झाड लावणं मात्र दहा वर्षांपर्यंत सजेचा गुन्हा आहे, मग चार असोत की चारशे. सरकारला त्याच कायद्याखाली परवानगी देता येते, उत्तराखंडने २०१८ पासून कमी टीएचसीच्या औद्योगिक हेंपला (धागा-बियांसाठी लावायचं हेच झाड) परवाने द्यायला सुरुवात केली. पण देशी गांजाचं वाण त्या परवान्यात बसत नाही, त्यात टीएचसी हेंपच्या मर्यादेपेक्षा जास्त असतं.

आणि ज्यांना 'आपलं बी चोरलं' असं म्हणायचंय त्यांच्यासाठी, जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला डिसेंबर १९९३ मध्ये. सत्तर-ऐंशीच्या दशकात पिशवीतून गेलेल्या बियांवर त्याखाली हक्क सांगता येणार नाही.

लालबागचा_नातू
ताई, तुमच्या भावाचं वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. तुमचं एक म्हणणं मला पूर्ण पटलं, 'क्लासिक' हा शब्द धंद्याचा आहे, मी पण तो जिभेवर घोळवत होतो. पण एक सांगू का, तुमच्या भावाला ती नावं कोणी शिकवली? विकणाऱ्यांनी. आपण गप्प बसलो म्हणून इतिहास सांगायचं काम त्यांच्याकडे गेलं. पूर्वीचं झाड किती सौम्य होतं, ते कोण कधी आणि किती घ्यायचं, आणि आता दिव्याखाली वाढवलेलं हे काय आहे, हा फरक सांगायला जुनं वाण समोर असायला नको का?

१८९३-९४ चं हेंप ड्रग्ज कमिशन बघा. ब्रिटिशांनी देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले, सात खंडांचा रिपोर्ट, आपल्या नगर जिल्ह्यातल्या लागवडीचा पण त्यात उल्लेख आहे. बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय नाही, अति घेणाऱ्याला आहे, असं त्यांनी लिहिलं. इतकी तपशीलवार नोंद हातात असताना आपण शाळेत ह्यातलं एक अक्षर शिकलो नाही. १८४५ पासून आपले मजूर करारावर जमैकात गेले, त्यांच्याबरोबर झाड गेलं आणि 'गांजा' हा शब्द पण गेला, आज अख्खं जग तो शब्द बॉब मार्लीच्या बेटाचा समजतं.

वकीलसाहेब, हक्क नका सांगू, नोंद तरी? हळदीच्या अमेरिकन पेटंटवेळी माशेलकर सरांच्या सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील पुरावे पुढे केले म्हणून १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. कागद होता म्हणून जिंकलो. ह्या झाडाचा कागद कुठे आहे?

कल्याणची_ताई
त्याच कमिशनने वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी तपासल्या आणि बहुतेक भरवशाच्या नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या, हे पण सांगा ना. नोंद भरवशाची नव्हती म्हणजे माणसं आजारी नव्हती असं होत नाही. तेव्हाही कुणाचा तरी भाऊ असेलच आत.

बियाणे बँकेला माझा विरोध नाही, कुलपात ठेवा, शास्त्रज्ञ बघतील. 'वारसा' म्हणायला आहे आणि राहील. वारसा म्हटलं की मुलं अभिमानाने मिरवतात.

शंकेखोर_पार्लेकर
इथे मी ताईंच्या बाजूने. फक्त एक भर, बँकेत ठेवताना गाव, उंची, तारीख आणि कोणाच्या शेतातून घेतलं एवढं लिहा आणि जीन्स तपासा. त्यावर कुठलंही चमकदार नाव नको.

माणदेशी_मुंबईकर
शेतकऱ्याचं नाव लिहिलं तर उद्या त्याच्याच दारात पोलीस. आधी त्याचं बघा मग जीन्स तपासा.

ठाण्याचा_वकील
हा प्रश्न खरा आहे आणि आजच्या कायद्यात बी देणाऱ्या शेतकऱ्याला संरक्षण देणारं स्पष्ट काही नाही.

लालबागचा_नातू
मग तिथपासूनच सुरुवात करायला हवी. ताई, मी 'वारसा' शब्द सोडत नाही पण तुमच्यासमोर तो वापरताना जड जातो हे खरं.

काल डबा परत काढला. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरल्यासारखं 'नगरी' असं काहीतरी आहे, शेवटचं अक्षर गंजात गेलंय. ते मालाचं नाव असेल की डबा दिलेल्या माणसाचं, घरात कोणालाच सांगता येत नाही. लालबाग-परळमध्ये कोणाच्या घरी जुन्या ठेक्याची पावती, परवाना, तोळ्याची वजनं असं काही पडलं असेल तर फेकू नका, फोटो टाका.