जेम्सटाउन: दाराशी नदी असून माणसं का मेली? आणि तंबाखूचं काम कसं चालायचं?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलं जेम्सटाउनची (अमेरिकेत व्हर्जिनियात इंग्रजांनी वसवलेली वसाहत) प्रतिकृती करताहेत, सोबतचा मजकूर मी लिहितोय. दोन ठिकाणी अडलोय. मे १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि मुलगे उतरले, जानेवारी १६०८ मध्ये जेमतेम ३८ उरले होते. एवढी मोठी नदी दाराशी असताना असं कसं झालं? बहुतेक ठिकाणी ‘कामाची सवय नसलेले खानदानी लोक’ एवढ्यावरच विषय संपतो. दुसरं, तंबाखूने वसाहत तगली म्हणतात, पण त्या पिकाला वर्षभर नेमकं काय काम असायचं? एका माणसाच्याने किती व्हायचं?

खाडीकाठ
आळशीपणाचं कारण अगदीच अपुरं आहे. जेम्सटाउनपाशी ती नदी कमी आणि खाडी जास्त आहे. ऐरोलीच्या पुलावरून भरती-ओहोटी बघणाऱ्या मुलांना हे चटकन समजेल.

जागा निवडली ती जहाजांच्या सोयीने. काठालगत पाणी इतकं खोल की जहाज थेट झाडाला बांधता येई, आणि स्पॅनिश हल्ला आलाच तर बचावाला बरी. प्यायच्या पाण्याचा विचार मागे पडला. उन्हाळ्यात वरून येणारा प्रवाह मंदावतो, खारं पाणी वर चढतं आणि गोड-खाऱ्याची सीमा नेमकी या भागात घोटाळते. तिथे गाळही अडतो आणि माणसांची घाणही. ओहोटीने नेलेलं भरती परत आणते. तिथेच राहिलेल्या जॉर्ज पर्सीने लिहून ठेवलंय की भरतीला पाणी फार खारट आणि ओहोटीला चिखल-घाणीने भरलेलं असे. लोक तेच पीत होते. हगवण, ताप, अंगावर सूज, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात रोज कुणी ना कुणी जाऊ लागलं. विहीर खणायला वर्ष उलटून गेलं.

त्यात दुष्काळ. त्या भागातल्या जुन्या सायप्रस वृक्षांच्या वर्षवलयांवरून १६०६ ते १६१२ ही सलग कोरडी वर्षं दिसतात. म्हणजे नदीला पाणी आणखी कमी, खारटपणा आणखी वर. आणि ज्या पोहाटन लोकांच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, मक्यावर वसाहतीची भिस्त होती त्यांच्याही कणग्या रिकाम्या. १६०९-१० च्या हिवाळ्यातली उपासमार याच्याशी जोडून लिहा. तेव्हा पोहाटनांनी गढीला वेढाही घातला होता.

निपाणी-ते-नेरूळ
तंबाखूबद्दल. स्थानिक जात जिभेला तिखट लागायची, लंडनला खपत नव्हती. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमाराला स्पॅनिश मुलखातल्या गोड जातीचं बी लावून पाहिलं. १६१७ मध्ये गाव बघणाऱ्याला रस्त्यात आणि बाजारच्या चौकातही तंबाखूच दिसली. प्रतिकृतीत हे जरूर दाखवा.

काम असं: हिवाळा सरताना गादीवाफ्याच्या जागेवर फांद्या जाळायच्या, म्हणजे तण मरतं आणि राख मिळते. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर बिया येतात, म्हणून राखेत मिसळून फोकायचं. मे महिन्यात पावसाची सर पडली की लगेच लावणी. कोरड्यात लावलेलं रोप माना टाकतं. कुदळीने गुडघाभर मातीची ढिगुळी करून एकेकीत एक रोप. चार-चार फुटांवर धरलं तर एकरी सुमारे २,७०० रोपं होतात. मग खुरपणी, शेंडा खुडणं, बगलेतले फुटवे काढणं, आणि पानं उलटून एकेक अळी बोटांनी चिरडणं. फुटवे राहिले तर पान पातळ पडतं, अळी राहिली तर पानाची चाळण. एवढं करून एका माणसाला दोन-तीन एकर म्हणजे डोक्यावरून पाणी, शिवाय पोटासाठी मका वेगळाच.

ऑगस्ट-सप्टेंबरात झाड बुडातून कापून काही तास शेतातच सुकू द्यायचं. ताजं उचललं तर पान तुटतं. नंतर चार-सहा आठवडे वाळवण. उतरवायला दमट दिवस बघायचा. फार कोरडं पान हातात चुरतं, फार ओलं पिंपात बुरशी धरतं आणि समुद्रप्रवासात आख्खं पिंप सडतं.

आणि जमीन तीन-चार पिकांत दमते. मग नवं जंगल तोडा.

मुक्ता, कळवा
हे शेवटचं वाक्य मजकुरात मोठ्या अक्षरात घ्या. जमीन दमते म्हणून शेजाऱ्यांच्या जमिनीवर अतिक्रमण, आणि हात कमी पडतात म्हणून माणसांची आयात. १६१८ पासून माणूस आणेल त्याला डोईमागे ५० एकर मिळू लागले. येणारे बहुतेक जण प्रवासखर्चापोटी चार ते सात वर्षं राबायच्या कराराने बांधलेले असत. ऑगस्ट १६१९ मध्ये नदीच्या मुखाशी असलेल्या पॉइंट कम्फर्टला वीसहून थोडे जास्त आफ्रिकी लोक जबरदस्तीने आणले गेले आणि अन्नधान्याच्या बदल्यात विकले गेले. तंबाखूच्या ढिगुळ्या दाखवून ही माणसं वगळली, तर कृपा करून प्रतिकृती करूच नका.

ऐरोलीकर
नक्की घेतो, ताई. एक राहिलं: पानं वाळताना कशी दाखवायची? मुलांनी झोपडीत दोऱ्या बांधल्यात, खाली चूल.

निपाणी-ते-नेरूळ
साल कोणतं धरताय? सुरुवातीला पानं गवतासारखी ढीग लावून वाळवत. ढिगात वारा खेळत नाही, आतून तापतं आणि कुजतं. १६१८ च्या सुमाराला दोरीवर टांगलं तर पान चांगलं उतरतं हे लक्षात आलं. गाव १६१४ चं असेल तर ढीग, १६२० चं असेल तर दोऱ्या ठेवा. चूल दोन्हीत काढून टाका, तेव्हा पान वाऱ्यावरच वाळवत.