नवी हायब्रिड गाडी: चार दिवस उभी राहिली की विजेच्या किरकोळ तक्रारी सुरू होतात

सह्यकडा (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे नवी स्ट्राँग हायब्रिड (इंजिनासोबत मोठ्या बॅटरीवरील विजेच्या मोटरनेही चालणारी) पेट्रोल गाडी आहे. पुण्यात ती बहुधा शनिवार-रविवारीच बाहेर निघते आणि एरवी सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये उभी असते. रोज चालवली तर काहीही तक्रार नसते. मात्र चार-पाच दिवस उभी राहिल्यानंतर कधी दरवाजा किल्ली ओळखत नाही, कधी घड्याळ चुकीची वेळ दाखवते, तर कधी गाडी सुरू करताना ब्रेक, स्टिअरिंग आणि हायब्रिड प्रणाली असे तिन्ही इशारे एकदम झळकतात व थोड्या वेळाने आपोआप जातात. चालकाच्या खिडकीची काच एका दाबात पूर्ण वर जाणेही अधूनमधून बंद पडते. याशिवाय दरवाजा उघडताच पुढच्या भागातून काही क्षण घरघर ऐकू येते.

सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून तपासणी झाली. ‘सध्या कोणताही दोष नाही’ असे सांगून गाडी परत देण्यात आली. हायब्रिडची मोठी बॅटरीच सदोष असावी, अशी घरच्यांना भीती वाटते. गाडीला बाहेरच्या दुकानातून डॅशकॅम बसवलेला आहे. तपासाची सुरुवात कुठून करावी?

तारयंत्री

आपण दिलेल्या वर्णनावरून मोठ्या बॅटरीवर संशय घेण्याआधी 12 व्होल्टची लहान बॅटरी तपासणे आवश्यक आहे. दिवे, दरवाजांची कुलुपे, किल्ली ओळखणारा भाग आणि गाडीतील सर्व नियंत्रक संगणक या लहान बॅटरीवर चालतात. मोठ्या बॅटरीला उर्वरित गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विचसुद्धा, या लहान बॅटरीच्याच विजेवर जोडले जातात. म्हणून मोठी बॅटरी भरलेली असूनही लहान बॅटरी उतरली, तर गाडी सुरू होत नाही.

साध्या पेट्रोल गाडीत बॅटरी अशक्त झाली की स्टार्टर रेंगाळतो आणि चालकाला आधीच कल्पना येते. बहुतेक स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत असा वेगळा स्टार्टरच नसतो. इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवरील मोटर करते. त्यामुळे ओळखीची ती पूर्वसूचना मिळत नाही आणि त्याऐवजी आपण लिहिल्याप्रमाणे विखुरलेल्या, परस्परांशी संबंध नसल्यासारख्या तक्रारी दिसतात. व्होल्टेज क्षणभर घसरले की प्रत्येक नियंत्रक आपापला इशारा देतो, आणि ते सावरले की इशारे जातात.

साधा डिजिटल मल्टीमीटर घेऊन, गाडी काही तास बंद असताना, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज मोजा. दरवाजा किंवा डिकी उघडल्याने संगणक जागे होतात आणि आकडा थोडा खाली येतो, म्हणून सर्व दिवे विझेपर्यंत थांबा. साधारण 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे जवळपास निम्मी, आणि 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. त्यानंतर गाडी ‘रेडी’ स्थितीत, म्हणजे सुरू करून चालवण्यास तयार अवस्थेत आणून पुन्हा मोजा. आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असेल, तर मोठ्या बॅटरीकडून लहान बॅटरी भरणारा कन्व्हर्टर आपले काम करत आहे असे समजावे.

दरवाजा उघडल्यावर येणाऱ्या घरघरीची चिंता नसावी. अनेक हायब्रिड गाड्यांत ब्रेकचा दाब तयार करणारा विद्युत पंप त्याच वेळी काही क्षण चालतो.

कोकणगाडी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझा पहिला रोख डॅशकॅमवर आहे. पार्किंग मोड चालू असल्यास तो गाडी बंद असतानाही वीज घेत राहतो. समजा तो 0.3 ॲम्पिअर घेतो. मग दिवसाला 7.2 ॲम्पिअर-तास जातात, आणि 40 ॲम्पिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांच्या आत निम्मी होते. गाडीची स्वतःची गळती 0.03 ॲम्पिअर धरली, तर तेवढ्याच उतारासाठी जवळजवळ महिना लागेल. पार्किंग मोड बंद करा आणि एक आठवडा पाहा. दुकानदाराने मूळ वायर कापून जोड दिला आहे की फ्यूजपेटीतून स्वतंत्र फ्यूजसह वीज घेतली आहे, हेही पाहून घ्या. कापलेल्या वायरीवरून वॉरंटीचा वाद उभा राहू शकतो.

किल्ली गाडीपासून दूर ठेवावी. ती जवळच टांगलेली असेल, तर काही गाड्यांत किल्ली व गाडी यांच्यात संकेतांची देवाणघेवाण चालू राहते आणि दोन्हींच्या बॅटऱ्या खर्च होतात. कुणाची वाट पाहत थांबताना नुसत्या ॲक्सेसरी स्थितीत (गाडी ‘रेडी’ न करता फक्त रेडिओसारखी उपकरणे चालू ठेवून) गाणी ऐकू नयेत. त्या स्थितीत लहान बॅटरी भरली जात नाही.

तारयंत्री

दोन गोष्टी सुरक्षिततेसाठी सांगणे मला गरजेचे वाटते. नारिंगी आवरणाच्या केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना, त्यांच्या जोडांना किंवा मोठ्या बॅटरीच्या झाकणाला घरी हात लावू नये. तसेच लहान बॅटरी भरण्यासाठी गाडी ‘रेडी’मध्ये ठेवायची असेल, तर ती मोकळ्या हवेत आणावी, कारण इंजिन मध्येच आपोआप सुरू होते आणि तळघरात धूर साचतो. अर्ध्या तासाने फारसा फरक पडत नाही. अशी लहान लेड-ॲसिड बॅटरी भरताना शेवटचा भाग सावकाश घेते, म्हणून आठवड्याच्या मध्ये एक लांबची फेरी अधिक उपयोगी ठरते.

सह्यकडा

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी सकाळी मोजली, तेव्हा 11.9 व्होल्ट आढळले, ‘रेडी’मध्ये 14.1. पार्किंग मोड बंद केल्यानंतर पुढच्या तशाच खंडानंतर 12.5 मिळाले आणि एकही इशारा आला नाही. काच मात्र अजून एका दाबात वर जात नाही. तसेच बॅटरी इतकी उतरल्याने तिचे कायमचे नुकसान झाले असेल का?

कोकणगाडी

काचेची स्मृती व्होल्टेज घसरल्यामुळे पुसली गेली असावी. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण आणखी काही सेकंद तसेच ओढून धरले की ती पुन्हा शिकते. नेमकी कृती आपल्या गाडीच्या पुस्तिकेत मिळेल.

बॅटरीबाबत सांगायचे तर वारंवार खोल उतरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता घटते आणि ते केवळ व्होल्टेजवरून कळत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये तिची लोड चाचणी, म्हणजे भार देऊन केलेली तपासणी, मागा. जॉब कार्डवर ‘इशारे येतात’ एवढेच न लिहिता दोन्ही वेळचे व्होल्टेज, गाडी किती दिवस उभी होती आणि डॅशकॅमचा पार्किंग मोड चालू होता की बंद, हे सारे लिहून घ्या, आणि चाचणीच्या निकालाची छापील प्रत मागून घ्या.