नदीकडे पाठ करून बसलेली माणसं

दौलतनगर, बोरिवली पूर्व

गुडघ्यासाठी डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, म्हणून संध्याकाळी दहिसर नदीच्या भिंतीकडेने जाते. पंधरा मिनिटं चालते, पंधरा मिनिटं बसते (डॉक्टरांना सांगू नका). बसलं की माणसं दिसायला लागतात. फोनवर दबक्या आवाजात हप्त्याची मुदत मागणारा एक जण. एका वडापावचे तीन भाग करून खाणाऱ्या तीन शाळकरी मुली. त्यातली एक तळलेली मिरची कागदात गुंडाळून दप्तरात ठेवते. रोज. कोणासाठी, ते अजून कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात लक्षात आलं, सगळे नदीकडे पाठ करून बसतात. तुळशी तलावापासून जंगलातून वाट काढत आलेली नदी, आणि तोंडं सगळ्यांची रस्त्याकडे. तुमच्याकडच्या नदीकाठी काय दिसतं? लिहा. फक्त कोणाची ओळख पटेल असं काही नको.

बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल)

मिठी नदीच्या बाजूला बसून डबा खातो. ओहोटीला वास येतो, पण साहेबांच्या शेजारी बसून जेवण्यापेक्षा बरा. इथे इंटरव्ह्यूला आलेली पोरं लगेच ओळखू येतात. परवा एकाने सँडल काढून पिशवीत कोंबले, काळे बूट बाहेर काढले, एक मोजा चढवला. दुसरा सापडेना. पिशवी उलटी केली, बूट झटकले, खिसे चाचपले. शेवटी पायातला मोजाही काढून खिशात घातला, पँट कमरेवरून जरा खाली ओढली आणि निघाला. चहाच्या निमित्ताने मी त्या दुपारी दोनदा खाली उतरलो. दिसला नाही.

पोयसर नदी, कांदिवली

आमच्या खिडकीतून गल्लीतलं क्रिकेट दिसतं. चेंडू भिंतीपलीकडे नदीत गेला की आउट, आणि नवा चेंडू मारणाऱ्याने आणायचा. त्यामुळे महिनाअखेरीला सगळे टुकूटुकू खेळतात. पूर्वी एक दादा रंगाच्या डब्याला दोरी बांधून चेंडू वर काढून द्यायचा. आता नोकरीला लागलाय. येता-जाता मुलं त्याच्याकडे आशेने बघतात, तो घड्याळाकडे.

राष्ट्रीय उद्यान

आत मात्र उलटं. पाऊस संपता संपता नदी खळखळत असते आणि जो येतो तो तिच्याकडे बघत थांबतो. मग सेल्फी काढायची म्हणून पाठ करतो!

कुर्ला

पाठ करून बसायला आमच्याकडे मिठीकाठी जागा तरी कुठे आहे? नाक दाबून पूल ओलांडायचा, झालं. पण जुलैत या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तेव्हापासून बाबा भरतीच्या वेळा वर्तमानपत्रातून कापून फ्रिजला चिकटवतात. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी खाडीत उतरत नाही, तुंबून मागे फुगतं. अशा दिवशी पुलावर पंधरा-वीस जण छत्री धरून उभे असतात, सगळे पाण्याकडे तोंड करून. गप्पा नाहीत. ओळख नाही. नवा कोणी आला की शेजारचा न विचारता सांगतो, “अजून दीड तास चढणार.” तो मान हलवतो आणि तोही बघायला लागतो. मी बाबांना बोलवायला जाते, तर मीही तिथेच उभी राहते.

पुन्हा दौलतनगर

कुर्ल्याचं वाचल्यापासून मीही शोधत होते, आमच्याकडे नदीकडे तोंड करून कोण उभं राहतं ते. काल सापडली. माझ्याच वयाच्या बाई, हातात निर्माल्याची पिशवी. पुलाला जाळी लावलेली आहे, निर्माल्य टाकू नये म्हणूनच. बाई जाळीला हात लावत लावत चालत गेल्या आणि जिथे ती फाटलीय तिथे बरोबर थांबल्या. (निर्माल्य टाकायचा कलश चार पावलांवर होता. तो मी दाखवायला हवा होता, पण तोंड उघडलं नाही.) पिशवी खाली सोडली, डोळे मिटून हात जोडले. मग त्याच हाताने नाकाला पदर लावला आणि भराभर निघून गेल्या.